साळवे पाळकसाहेबांच्या बदलीविषयी

रेव्हरंड यशवंत साळवे यांची बदली माझ्या पत्रामुळे झाली.

आज सकाळी ते वारले. तेव्हापासून मंडळीच्या ग्रुपवर 'आपले लाडके पाळक', 'आपण त्यांना सन्मानाने निरोप दिला होता' असे मेसेज फिरत आहेत.

कृपया थांबवा. बदलीच्या वेळी निरोपाला आपण सातजण होतो.

नव्वदच्या दशकात नेरूळला आमची अँग्लिकन परंपरेची मंडळी उपासनेसाठी शाळेच्या वर्गात भरे. बाके सरकवण्याचे काम पाळकसाहेबच करीत. त्याआधी दिघ्याला जाऊन, रात्रपाळी सुटलेल्या कामगारांच्या खोल्यांत प्रार्थना घेऊन आलेले असत.

मी मंडळीचा सचिव.

दिघ्यातील एका कामगाराची चार दिवसांची मुलगी बाप्तिस्म्याआधीच वारली. जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे अशा बालकाचा दफनविधी करता येत नाही. कबरस्तानात मी पुस्तक उघडून त्या नियमावर बोट ठेवले.

बाप म्हणाला, "साहेब, पोरीचं नाव बी ठिवलं न्हवतं. दोन शब्द बोला की."

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "सचिवसाहेब, बोट काढा. मला पान उलटायचंय."

त्यांनी संपूर्ण विधी केला.

मी बिशपसाहेबांना तक्रारीचे पत्र लिहिले. माझी पत्नी सुशीला संतापली.

"अहो, पाठवू नका ते."

"कार्यकारिणीचा ठराव आहे."

"मांडला कोणी? तुम्हीच ना? मग तुम्हीच गिळा आता!"

मी ते रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले.

महिन्याभरात बदली झाली. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांना दूरची खेडीच मिळाली. ज्या भूखंडासाठी त्यांनी बेलापूरच्या कार्यालयांचे उंबरे झिजवले, तेथे आज चर्च उभे आहे. कोनशिलेवर त्यांचे नाव नाही.

"जाऊन माफी मागा," सुशीला दर नाताळला म्हणे.

"पुढच्या वर्षी," मी म्हणे.

गेल्या वर्षी सुशीला गेली. तिला माती साळवे पाळकांनीच द्यावी, ही तिची इच्छा. ते काठी टेकत आले. नव्या पाळकांनी बिशपांची लेखी परवानगी विचारली. निवृत्त पाळकांना विधी करायला ती लागते.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "नियम बरोबर आहे."

पाळकसाहेब मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेळेवर जेवत जा." एवढेच.

तेव्हाही मी माफी मागितली नाही.

आज चार वाजता दफनविधी आहे. मी जाईन. पण आता त्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून येथे, सर्वांसमक्ष लिहितो.

पाळकसाहेब, मी चुकलो. त्या मुलीच्या वेळी, आणि सुशीलाच्या वेळीही.

सलाम.