मोहाखालचा अर्धा तास
एप्रिलमधली एक सकाळ, लसीकरणाचा बुधवार, चिचगडकडच्या एका टोल्यावरची, छोट्या पाड्यावरची अंगणवाडी. हजर मी, म्हणजे नर्स, आमच्या आशाताई आणि बाळांना घेऊन आलेल्या आया. वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, उग्र वास आला की ही हजेरी मला आजही पाठ म्हणता येते, कारण त्या दिवशी त्यातली एक आई लेकीला लस टोचल्या टोचल्या निघून गेली. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास नजरेसमोर ठेवायचं असतं. काही वाईट घडलंच तर त्यावरचं इंजेक्शन माझ्या पेटीत असतं. “मोहा वेचाले गेली असंल,” आशाताई म्हणाल्या, “पोरीले काही झालं त या टोल्यात आपल्याले कोणी दार नाही उघडणार, मॅडम.” पेटी उचलून आम्ही धावतच निघालो. रानात झाडांखालचा पाचोळा जाळल्याचा धूर कोंडला होता. तिच्या मोहाच्या फांदीला लुगड्याचा झोका बांधलेला होता आणि तो जराही हलत नव्हता. मी आत हात घातला, तशी पोर किंचाळली. “आत्ताच निजवली होती,” टोपली न सोडता आई म्हणाली, “आता निजवा तुम्हीच. तुमच्या अर्ध्या घंट्यासाठी ढोरं थांबतेत का? सारा मोहा खाऊन टाकतेत.” उरलेला वेळ मी तिथेच झोका देत काढला. मोहफुलं पहाटे पडतात आणि सकाळीच वेचावी लागतात, तेव्हा मोहाच्या दिवसांत लसीकरण दुपारी ठेवा, असं तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगते आहे. ते अजून झालेलं नाही, फुलं पडू लागली आहेत आणि उद्या बुधवार आहे.