मार्गासनीला न उतरलेला मामा

त्या दिवशी मी कुठे होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं नाही असं नाही. बहिणीनं विचारलं, भाचीनं विचारलं. दोघींनाही मी तेच खोटं सांगितलं आणि विषय पावसाकडे किंवा माझ्या गुडघ्यांकडे वळवला. आता गुडघ्यांबद्दल नवीन सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

मी किकवीत राहतो. भोरला कचेरीत नोकरी केली, निवृत्त झालो, बायको गेल्यापासून एकटा असतो. बहीण मार्गासनीला दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलीची सुपारी ठरली, म्हणजे लग्न पक्कं करायची बैठक. आमच्याकडे त्या बैठकीला मुलीचा मामा लागतो. काय ठरवायचं ते घरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मामानं ते आपलंच म्हणून मोठ्यानं बोलायचं, मध्ये एकदा रागवायचं आणि चहा आला की निवळायचं. मला हे चांगलं जमतं असा समज होता. सख्ख्या-चुलत बहिणींच्या सगळ्या मुलींच्या वेळी मीच रागावलो होतो.

मामाला फोनवर बोलावत नाहीत. माणूस घरी येऊन तोंडी आवतण देतो. बहिणीच्या घरचं हे काम तिच्या धाकट्या दिरांकडे होतं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, शेती बघायचे. त्यांना मिरवावं असं वाटणारं हे एकच काम. टोपी घालून मोटारसायकलवर यायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच कुणाचं, कुठं, कोणत्या दिवशी हे सगळं सांगायचे आणि मग समोरच्याकडून वदवून घ्यायचे.

“म्हणा बरं पाव्हणं, कवा यायचं?”

“येत्या रविवारी,” मी म्हणालो.

“आता बसतो. च्या टाका.”

एकदा असं आवतण दिल्यावर पुन्हा फोन करून आठवण द्यायची नसते. तो मामाचा अपमान होतो. त्यामुळे बहिणीनं आठवडाभर फोन केला नाही.

रविवारी मी निघालो. पांढरा सदरा, पिशवीत भाचीची साडी, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. नसरापूरला बस बदलली. मार्गासनी आली तेव्हा खिडकीतून बहिणीचं घर दिसलं. अंगणात ताडपत्री बांधलेली, ओसरीवर सतरंजी, तिच्या मधोमध भिंतीला टेकवून ठेवलेला एक लोड. लोड माझा होता. त्याला टेकून मी पुढचे चार तास काय बोलणार, ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. मी उठलो नाही.

“बाबा, मार्गासनी आली. उतरा की,” कंडक्टर म्हणाला.

“पुढं जायचंय.”

“तिकीट तर हितवरचंच हाय.”

“मग पुढचं द्या.”

“पुढचं म्हंजी कुठलं?”

“पाणी कुठं दिसतं?”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि वेल्ह्याच्या अलीकडे, धरणाच्या फाट्याचं तिकीट फाडलं.

फाट्यावरून चालत पाण्याकडे गेलो. दिवाळी होऊन गेली होती, धरण काठोकाठ होतं. एका अंगाला राजगड, दुसऱ्या अंगाला तोरणा, मध्ये पाणी. वारा नव्हता. मोबाईल बंद केला, चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडून बसलो. मासे येऊन टाचा टोचत होते. त्यांना मी कुणाचा मामा आहे याच्याशी काही घेणं नव्हतं.

म्हशी घेऊन एक बाई आली. माझ्या सदऱ्याकडे आणि पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे बघून थांबली.

“कुणाकडचं पाव्हणं?”

“कुणाकडचा नाही.”

“असं कसं? कुणाकडचा तरी असतोय की माणूस. नारळ घिऊन धरणाची वटी भरायला आलाय व्हय?”

“नाही. बसायला आलोय.”

“बसा मग. म्हशीबी बसत्यात हितंच.”

मी तिला पेढे दिले. उरलेले मी खाल्ले. मग जांभळीखाली साडीची घडी उशाला घेऊन झोपलो. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि तोरण्याची सावली पाण्यात उतरली होती. खोटं कशाला सांगू, इतका बरा दिवस मला त्याआधी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही नाही. वाईट वाटायला लागलं ते परतीच्या बसमध्ये. तेही मार्गासनी मागं पडल्यावर.

घरी येऊन मोबाईल सुरू केला आणि लगेच वाजला.

“दादा, कुठं होतास? तुझी वाट बघून बघून शेवटी तुझ्या जागी आपल्या चुलत्याला बसवलं.”

“आज होतं?” मी म्हणालो. “मला तर पुढच्या रविवारी म्हणून सांगितलं.”

हे वाक्य बोलायला मला जराही वेळ लागला नाही. पलीकडे बहीण मागे वळून कुणाला तरी काहीतरी म्हणाली. माझ्या मेव्हण्यांचा आवाज चढलेला मला फोनमधून ऐकू आला. दिरांचा आवाज आला नाही.

भाचीचं काही बिघडलं नाही. लग्न झालं, संसार नीट चालू आहे. बिघडलं ते दिरांचं. भाचीच्याच लग्नाची आवतणं द्यायला त्यांच्याऐवजी एक पुतण्या गेला आणि ते मांडवात पाणी वाढत होते. पंगतीत कुणीतरी जेवण कधी सुटणार म्हणून त्यांना विचारलं, तर शेजारचा ओरडला, “त्यास्नी नगा इचारू, दिवाळी शिमग्याला सांगत्यात!” सगळे हसले. मी मामाच्या मानाच्या पाटावर बसलो होतो. मीही हसलो. त्यानंतर त्या घरानं त्यांना कुठलाही निरोप घेऊन पाठवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या मुलाचं जावळ होतं, तेव्हा मी मुद्दाम लवकर गेलो. वाटेत बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं. दीर गोठ्यात एकटेच वैरण टाकत होते. मी दारात उभा राहिलो. त्यांनी हात पुसले, टोपी नीट केली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले,

“बरं झालं, एकटंच घावला. लई दिस बोलायचं होतं. तवा तुमचा मान ग्येला माझ्यापायी. म्या किती डाव आठवून बघितलं. येत्या रविवारीच म्हणलो, तुमच्याकडनं वदवूनबी घेतलं, असंच आठवतंय मला. पर तुमी कशाला खोटं बोलाल? माझंच चुकलं. माफी करा, पाव्हणं.”

मी जुळवलेलं वाक्यही ‘माझंच चुकलं’ असंच सुरू होत होतं. ते त्यांनी आधी वापरलं.

“असू द्या,” मी म्हणालो.