धुतलेली फरशी

ती दुपार मी विसरलो नाही, आणि गेल्या महिन्यात आमचे जुने हवालदार वारल्यापासून तर ती रोज समोर येते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रुग्णालयातल्या पोलीस चौकीतून फोन आला: महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थी जखमी, डोक्याला मार, त्यावर उपरण्याची पट्टी बांधलेली, बेशुद्ध. स्टेशन डायरीला नोंद घेऊन निघालो. घटनेला दोन तास झाले होते आणि महाविद्यालयाने आम्हाला कळवलेच नव्हते.

पोचलो तर इमारतीमागची फरशी धुऊन लख्ख, फिनेलचा वास. प्राचार्य म्हणाले, शिपायाने मुलाला मारले. मोटारसायकल आत आणण्यावरून सकाळी दोघांची बाचाबाची झाली होती, हे खरे होते. शिपायाच्या सदऱ्यावर रक्त होते. फरशीही त्यानेच धुतली होती.

मुलगा गावपुढाऱ्याचा. संध्याकाळपर्यंत ठाण्याचे आवार माणसांनी भरले. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लिहा, एवढीच मागणी.

शिपाई पन्नाशीतला, मान खाली. मारले नाही, एवढेच तो म्हणे. फरशी का धुतलीस, यावर गप्प. मी आवाज चढवला. शेवटी गुन्हा लिहायला कागद ओढला. तेवढ्यात हवालदारांनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि सहज विचारले, पोराच्या डोक्याला बांधलेलं उपरणं कुणाचं? माझं, तो म्हणाला.

हवालदारांनी मला बाहेर बोलावले. "साहेब, मारणारा सोताचं उपरणं फाडून डोकं बांधत न्हाई. थोडं थांबा."

मी त्यांना रुग्णालयात पाठवले. डॉक्टरांनी जखमांच्या नोंदीत आणखी एक ओळ लिहिली होती: दोन्ही तळहातांना ओला हिरवा रंग. आम्ही परत महाविद्यालयात गेलो. पहिल्या मजल्यावरचा कठडा हिरवा, ताजा रंगवलेला. धुतलेल्या फरशीच्या बरोबर वर त्याचा एक तुकडा हात लावताच हलला. तो नुसत्या तारेने बांधलेला होता आणि तारेवरूनही रंगाचा हात फिरला होता.

पंचनामा करून आलो आणि शिपायासमोर माझा रंग लागलेला हात धरला. तेव्हा तो बोलला.

"उद्या तपासणीची कमिटी हाय, साहेब. गंजलेला कठडा नुसता रंगवला. पोरगं टेकलं आन् कठड्यासकट खाली आलं. मी आधी पोराला जीपमधी घातलं. मग प्राचार्य सर म्हनले, फरशी धू, कठडा बांध, पोलिसांचं मागून बघू. हंगामी नोकरीला पंधरा वर्सं झाली, सर कायम करतो म्हनले होते."

तिसऱ्या दिवशी मुलगा शुद्धीवर आला. त्याचा जबाब शब्दाला शब्द जुळला. इतका मोकळा श्वास मी नोकरीत क्वचितच घेतला असेन. गुन्हा हयगयीचा आणि पुरावा नष्ट केल्याचा दाखल झाला, प्राचार्यांवर.

मुलाचे वडील ठाण्यात आले. फार बोलले नाहीत. नवे उपरणे आणले होते, ते शिपायाच्या खांद्यावर घातले. हवालदार म्हणाले, "आता ह्ये तरी फाडू नको रं." आवारातले सगळे हसले, शिपाईसुद्धा.

रक्ताचा सदरा बऱ्याचदा उचलणाऱ्याचाच असतो, हे मी त्या दिवशी शिकलो. लोक जखमीला हात लावायला का भितात, तेही कळले. त्याच्यावर गुन्हा लिहायला ओढलेला कागद माझाच होता.

हवालदारांच्या दहाव्याला तो शिपाई आला होता. उपरणे तेच, विटलेले. माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "अजून फाडलं न्हाई, साहेब."