कळव्याच्या होडीचा फोटो

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि भूत पाहून पळालेलाही पहिला मीच.

माझे बाबा तांडेल. ज्या होडीने त्यांनी वीस वर्षं ठाण्याच्या खाडीतून मीठ वाहिलं, जिच्या जिवावर मी शिकलो, ती त्या हिवाळ्यात कळव्याजवळ खडकावर फुटली. लाकूडवाला तिच्या फळ्या काढून नेणार होता. त्याआधी तिचा एक फोटो बाबांना द्यायचा, असं मी मनाशी ठरवलं. कॉलेजातल्या गुरुजींनी मोठ्या मनाने कॅमेरा दिला आणि फोटो उमटायची काच एकच दिली. (माझ्यावरचा विश्वासही तेवढाच असावा.)

"दिवाबत्ती नको, कोवळं ऊन पुरे. भिंगावरचं टोपण काढ, दहा मोज, टोपण लाव. कोणी हललं की फोटो बिघडला," त्यांनी बजावलं.

लाकूडवाला यायचा होता त्या दिवशी पहाटेच बाबा आणि मी निघालो. आई घरात दिसली नाही. पाण्याला गेली असेल म्हटलं. खाडीवर धुकं एवढं, की होडी दिसायच्या आधी तिचा वास आला, कुजक्या दोरांचा. मग तिच्या फासळ्या दिसल्या, मेलेल्या गुरासारख्या. आतून आवाज येत होता. ठक. ठक.

"बाबा, हे काय?"

"तिच्यात कोन तरी हाय," बाबा शांतपणे म्हणाले.

"लाकूड थंडीने आखडतं. शास्त्र आहे."

"मंग शास्त्राला सांग, जरा दमानं ठोक."

मी कॅमेरा बांधावर मांडला आणि बाबांना खाली चिखलात, होडीकडे पाठ करून उभं केलं. "काहीही झालं तरी हलायचं नाही."

"वादळात हललो नाय. त्या डब्यापुढं हलतो व्हय?"

सूर्य वर आला. धुकं तांबूस झालं. मी टोपण काढलं. एक. दोन. ठकठक थांबली. तीन. बाबांच्या खांद्यामागे, होडीच्या फुटक्या कडेवर पाच बोटं आली. चार. (चार म्हटलं की नाही, खात्री नाही.) मग मोकळे केस, चिखलाने लिंपलेलं तोंड, आणि उंच धरलेल्या हातात गोल, केसाळ काहीतरी. मला ते मुंडकं वाटलं.

"पोरा..." ते म्हणालं.

तर्कशास्त्रात मला चांगले गुण होते. ते तिथेच ठेवून मी पळालो.

गावकऱ्यांना घेऊन परतलो (मी सगळ्यांच्या मागे), तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. भरतीचं पाणी बाबांच्या गुडघ्याला लागलं होतं. बाबा तसेच ताठ. मागे होडीत नारळ घेतलेली आमची आई!

"अवो, पानी शिरलं, मना उतरवा की!"

"गप. फोटो चाललाय," बाबा ओठ न हलवता म्हणत होते.

रडारड नको म्हणून बाबांनी आईला यायची मनाई केली होती. पण ज्या होडीनं पोराला शिकवलं तिला तशीच कशी धाडायची? म्हणून ती नारळ वाढवायला लपून आली, आत घसरून पडली, आणि नारळ काही फुटेना.

गुरुजींनी काच औषधात धुतली. उघड्या राहिलेल्या भिंगातून ती इतकं ऊन प्यायली होती, की कागदावर नुसता पांढरा रंग उतरला. ना होडी, ना आई, ना बाबा. बाबांनी तो कागद उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

"पोरा, मी हललो नव्हतो," ते हळूच म्हणाले.

खरंच नव्हते. हललो होतो मी. तेही थेट गावाच्या वेशीपर्यंत.