दारावरचा लाल कागद

शेजारची चिनी आजी गायची. म्हणजे पहिल्यांदा मला वाटलं बाई रडतीय. सुईसारखा उंच आवाज, लांबवत लांबवत न्यायची, मधेच तोंडानंच झांजा वाजवायची. मँचेस्टरच्या आमच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या, सगळं ऐकू येतं. पण माझी पोरगी, सात महिन्यांची, दिवसभर किरकिर, ती त्या आवाजाला गप व्हायची. भिंतीकडं बघत झोपायची. हे हॉस्पिटलात ड्युटीला, मी नववी नापास, इंग्लिश येत नाही, आईचा व्हिसा दोनदा नाकारलेला. दुपारी गाणं लागलं की मी पटापट जेवून घ्यायची.

जानेवारीत एक दिवस सकाळी दार उघडलं तर बाहेरनं लाल कागद चिकटवलेला. भोकं पाडपाडून कापलेला, मधोमध गुबगुबीत बाळ, हातात मासा. कॅलेंडर बघितलं तर अमावस्या! लगेच आईला फोन.

"लिंबू आहे का गं बरोबर?"

"नाही, नुसता कागद. बाळाचं चित्र आहे."

"बाळाचं? अगं बया! हात लावू नको. चिमट्यानं काढ, आणि पोरीवरनं मीठ-मोहरी उतर."

चिमट्यानं ओरबाडला, फाटला, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. आजी. तिनं चिमटा बघितला, कागद बघितला, मला बघितलं. हळूच दार लावून घेतलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसतच सुटले. "करणी करायला आपल्याकडं आहे काय गं? चिनी लोकांचं नवीन वर्ष आहे आज. आमच्या वॉर्डातल्या चिनी सिस्टरनं पण काचेला लावलेत. बाळ, मासा, म्हणजे घर भरलेलं राहू दे. आणि तू चिमट्यानं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कागद कचऱ्यात, कचरा गाडीत गेलेला.

दुसऱ्या दिवशी गाणं नाही. तिसऱ्या नाही. पोरगी भिंतीकडं बघून रडायची, आणि मी पोरीकडं बघून. आईला सांगितलं तर म्हणती, "जाऊन पाया पड की मग." पाया पड! मी तर पोस्टमनला पण दार उघडत नाही. बोलायचं काय, कुठल्या भाषेत?

पाचव्या दिवशी गिफ्टचा लाल पेपर घेतला. गणपतीत पताका कापायचो तशी घडी घातली, भाजीच्या कात्रीनं कापला. बाळ काय जमलं नाही, नुसत्या शंकरपाळ्या पडल्या. मैद्याची खळ शिजवली, माझ्याच दाराला लावला, पोरगी कडेवर, आणि तिचं दार वाजवलं. पळून जावं वाटलं. दार उघडलं. मी कान धरला. "सॉरी" म्हटलं. तेवढंच येत होतं.

ती बाहेर आली. माझा कागद बघितला, कडेला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. आणि हसली! आत गेली, वाडगा घेऊन आली. तशीच खळ, पिठाची.

मग आत नेलं. टेबलावर लाल कागदच कागद. ती कापून दाखवायला लागली. पेन्सिलीची रेघ नाही कुठं, कात्री जागच्या जागी आणि कागद फिरवायचा. फुलं, पाखरं गळून पडत होती. मग तिनं फोनवर एक जुना फोटो दाखवला. गावच्या नाटकाचा मांडव, रंगवलेली तोंडं, हातभर लोंबणाऱ्या पांढऱ्या बाह्या. कडेच्या बारीक पोरीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. म्हणजे गाणं तिथलं. मी हातानंच विचारलं, गाव सोडून किती वर्षं झाली? तिनं दोन्ही पंजे उघडले, मिटले, असं चारदा. चाळीस. मग फोटोकडंच बघत राहिली.

मला दोनच झालीत. दोन बोटं दाखवली, तर ती बोटं तिनं मुठीत धरली. सुरकुतलेली, गरम मूठ. माझ्या आईच्या हाताला भाकरीचे चटके आहेत, हिच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा.

मग तिनं दोन्ही हात पुढं केले. पोरीसाठी. मी तिला इथं कुणाच्या हातात दिलेली नव्हती, डॉक्टरकडं पण धरूनच ठेवायची.

दिली.

हात रिकामे झाले तर मला कळेना त्यांचं काय करू. खुर्चीत बसले आणि भोकाड पसरलं, आईपुढं पसरावं तसं. ती पोरीला थोपटत तिच्या भाषेत काहीतरी रागावली. रडू नको म्हणाली असेल. मी रडून घेतलं.