चार बुटक्या रेषा

पडद्यावर गॅमा किरणांच्या चार बुटक्या रेषा सारख्या अंतरावर उभ्या होत्या.

"यंत्राचा गोंगाट असेल," सर म्हणाले. "या अणूचं केंद्रक गोल असतं. वहीत पेन्सिलनं लिही, नंतर खोडता येईल."

मी डिटेक्टर गार ठेवायला त्यात पुन्हा द्रव नायट्रोजन भरला, दोनदा मोजलं. रेषा जागच्या हलल्या नाहीत.

गोल केंद्रक फिरलं तरी कळत नाही. अशा समान अंतराच्या रेषा फिरणारं लांबट केंद्रकच उमटवतं. मलाही जन्मभर लोक कंगोरे घासायला सांगत आले. घासले असते, तर मी फिरले काय नि थांबले काय, कुणाला कळलं असतं?

प्रयोगवहीत पेन्सिल चालत नाही, हे सरांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'लांबट'.