मस्त बसली ना?

सत्तावीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडाला लगाम बसवता येऊ नये, याला काय म्हणावं? पण आपले कवळीवाले तसेच होते. बाजारामागच्या गल्लीत त्यांची दोन खोल्यांची लॅब. डॉक्टरांकडून हिरड्यांची मापं यायची, हे मेणात एकेक दात रचायचे, कवळी तयार करायचे, घासायचे, चकाकवायचे. हाताला यश होतं. एखादं तोंड फारच वाकडं निघालं, तर डॉक्टर स्वतः फोन करून त्यांना बोलावून घ्यायचे.

अशा वेळी नव्या डॉक्टरांना ते एक धडा फुकट द्यायचे. पेशंटला 'मस्त बसली ना?' असं जीव गेला तरी विचारायचं नाही. माणूस भिडस्त असतो. तो 'हो' म्हणतो, घरी जातो, कवळी डबीत ठेवतो आणि दुधात बिस्कीट बुडवून खातो. विचारायचं ते 'कुठे लागते?' असं. न लागणारी नवी कवळी अजून जन्माला यायची आहे. तेवढं विचारलं की माणूस बोट घालून दाखवतो, मग दातांत निळा कागद धरायला लावायचा आणि डाग उमटेल तिथे घासायचं. धडा सोपा होता, आणि कवळीवाले तो फार तोऱ्यात द्यायचे.

पाच महिन्यांपूर्वी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवी गाडी घेतली. जुनी, उंच, डब्यासारखी गाडी काढून टाकली आणि लालभडक, बुटकी, मागच्या काचेवर पंख असलेली गाडी दारात आणून उभी केली. पंख कशाला, हे विचारायचं नाही. शोरूमवाल्याने सांगितलं होतं की दीडशेच्या वेगाला गाडी त्यामुळे जमिनीला चिकटून राहते. घरापासून लॅब अडीच किलोमीटर, वाटेत अकरा स्पीडब्रेकर आणि तीन सिग्नल. चिकटून राहायची सोय उत्तमच झाली.

पहिले दोन महिने कौतुकात गेले. गाडी लावून घरात शिरताना ते तीनदा मागे वळून बघायचे. भेटेल त्याला हाताला धरून आत बसवायचे, एक फेरी मारायचे आणि विचारायचे, मस्त आहे ना? लोक मस्त म्हणायचे. दुसरं काय म्हणणार, गाडी चालू होती आणि उतरायचं बाकी होतं.

तिसऱ्या महिन्यापासून गाडी आपले गुण उधळू लागली. रस्त्यावरचा एकेक खडा ती कमरेला नावानिशी कळवायची. स्पीडब्रेकर सरळ घेतला की पोट खरवडायचं, म्हणून कवळीवाले तो तिरका घेऊ लागले, आणि ते तिरके होईपर्यंत मागची सायकल पुढे निघून जायची. मेणात रचलेले दात दवाखान्यात दाखवायला न्यावेत, तर पोचेपर्यंत दोन दात जागा सोडायचे आणि सुळा दाढेशेजारी जाऊन बसायचा. शेवटी ते दात दवाखान्याच्या शिपायाबरोबर सायकलवर जाऊ लागले आणि कवळीवाले गाडीने त्यांच्या मागून. गाडीत 'स्पोर्ट' लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबलं की गाडी गुरगुरायची. पळायला रस्ता नव्हताच, त्यामुळे ती सिग्नलला उभी राहून गुरगुरायची. शाळेच्या ऑफिसात काम करणारी त्यांची बायको महिनाभर निमूट शेजारी बसली, मग एके दिवशी म्हणाली, मला हल्ली चालत जायलाच आवडतं. कवळीवाल्यांना वाटलं, तब्येतीची काळजी घेतेय. त्यांनी तिला चालायचे बूट आणून दिले.

खरी गोष्ट बाबांची. म्हणजे कवळीवाल्यांच्या वडिलांची. चौतीस वर्षं शहराची बस चालवून ते निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी डेपोच्या फाटकाजवळच्या बाकावर जुने ड्रायव्हर जमायचे, आणि बाबांना तिथे न्यायचं-आणायचं काम कवळीवाल्यांचं. एका घरात राहूनही बापलेकांचं बोलणं व्हायचं ते या जाण्यायेण्यातच. बाबा शेजारी बसून गिअर चुकला की सांगायचे, कुठला रस्ता रुंद झाला ते सांगायचे, आणि मध्येच, अगदी सहज, आईबद्दल एखादी गोष्ट सांगायचे. आई गेल्यापासून घरात ते तिचं नाव काढत नसत. कवळीवाल्यांचा आठवडा त्या अर्ध्या तासाच्या जिवावर चालायचा.

गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी बाबांना नवी कवळीही करून दिली. घरचाच पेशंट, तेव्हा मध्ये डॉक्टर कशाला? स्वतःच बसवली, आरसा समोर धरला आणि विचारलं, "मस्त बसली ना?" बाबा हो म्हणाले. मग त्यांना खाली नेऊन गाडीत बसवलं. बसवलं म्हणजे काय, बाबा जे खाली जाऊ लागले ते जातच राहिले. तळ लागल्यावर पुन्हा तोच प्रश्न. बाबा पुन्हा हो म्हणाले.

दोन महिन्यांनी बाबांच्या रविवारांना दुखणी जडली. कधी गुडघा, कधी सर्दी, कधी पेपर वाचायचा राहिलाय. तूच जाऊन ये, म्हणायचे, गाडीचे तेवढेच पाय मोकळे होतील. जेवणही ते सगळ्यांच्या आधी उरकू लागले. या वयाला लवकर जेवलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. बायको रोज काहीतरी मऊ शिजवत होती. हे सगळं कवळीवाल्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. म्हातारपण, असं म्हणून ते मोकळे झाले. मोकळे झाले खरे, पण रविवारी शेजारची रिकामी सीट पाहिली की त्यांना करमायचं नाही. बाबा आपल्याला कंटाळले की काय, ही शंका त्यांनी बायकोजवळही बोलून दाखवली नाही.

अशाच एका रविवारी ते एकटेच मोठ्या चौकात, सिग्नलला गुरगुरत उभे होते. शेजारी बस येऊन थांबली. त्यांच्या गाडीतून शेजारच्या बसची चाकं तेवढी दिसतात, म्हणून त्यांनी मान वाकवून वर पाहिलं. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बाबा बसले होते. तासाभरापूर्वी घरी गुडघा धरून पडलेले बाबा. ते ड्रायव्हरला काहीतरी शिकवत होते आणि मनापासून हसत होते, आणि त्या हसण्यात एकही दात नव्हता. तोंडाचं पार बोळकं.

सिग्नल सुटला, बस निघाली. कवळीवाले मागे लागले, पण पुढे चार स्पीडब्रेकर होते आणि बस काही ते तिरके घेत नव्हती. दीडशेच्या वेगाला जमिनीला चिकटणारी गाडी डेपोवर बसच्या नंतर सहा मिनिटांनी पोचली.

बाकावर बाबा एकटेच होते. बाकीचे आत चहा प्यायला गेले होते. लाल गाडी दिसताच त्यांनी घाईघाईने तोंड फिरवलं, खिशातून रुमाल काढला, आणि परत वळले तेव्हा दातांच्या दोन्ही ओळी जागेवर होत्या. कवळीवाले गाडीतून धडपडत वर आले. कवळी आपण केलेली, आणि बाप ती चोरून काढतो, चोरून घालतो.

"बाबा, मला सांगायचं ना," ते म्हणाले.

"काय सांगायचं?"

"गाडी त्रास देते म्हणून. कवळी त्रास देते म्हणून."

"तू विचारलंस कधी?" बाबांचा आवाज मऊच होता, फक्त प्रत्येक शब्दामागे कवळी खट वाजत होती. "तू म्हणालास, मस्त बसली ना. त्याला 'हो'शिवाय उत्तर असतं का? एवढ्या हौसेने केलेलं सगळं. दिसायला दोन्ही छान आहेत रे."

कवळीवाल्यांची दातखिळी बसली. आजवर त्यांच्या तोंडात इतकं घट्ट काही बसलं नव्हतं. ते बाबांच्या शेजारी बाकावर टेकले. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, बरं वाटत होतं. बाबा त्यांना कंटाळले नव्हते, सीटला कंटाळले होते. मग त्यांनी पाच महिने उशिरा तो प्रश्न विचारला.

"कुठे लागतं?"

"खाली, डावीकडे," बाबा म्हणाले. "टेकताना लागतंच, उठताना जास्त. आणि धक्का बसला की पार मानेपर्यंत कळ जाते."

"मानेपर्यंत?" कवळीवाले चपापले. "उघडा बघू तोंड."

"तोंड कशाला? मी गाडीचं सांगतोय. कवळीचं अजून सुरू कुठे केलंय?"

ते सांगणं बराच वेळ चाललं. घरी निघायची वेळ झाली तेव्हा बाबा काठी टेकत लाल गाडीकडे वळले. कवळीवाल्यांनी त्यांचा हात धरला आणि बसकडे नेलं. गाडी फाटकाजवळच राहिली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बापलेक शेजारी शेजारी बसले. तिथून रस्ता लांबवर दिसत होता, आणि खाली उभी असलेली गाडीही फार सुंदर दिसत होती. बस निघाली. पहिला स्पीडब्रेकर सरळ पार झाला.

मग बाबांनी कवळी काढून रुमालात ठेवली, बोटाने गाल बाजूला ओढला आणि तोंड उघडलं. हिरडीवर, अगदी मागे, एक लाल जखम होती. ताजी. कवळी इतके दिवस खिशात असेल, तर जखम ताजी कशी, हे कवळीवाल्यांना कळेना. त्यांनी तसं विचारलं.

"तू घरी असलास की घालतो ना," बाबा म्हणाले.